शेरीफ कोणी व्हावे? पात्रतेच्या अटींचा आठशे वर्षांचा प्रवास

१/
शेरीफ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हॉलिवूडचा माणूस उभा राहतो. छातीवर चांदणी, कमरेला पिस्तूल आणि मागे धुळीचा रस्ता. आजचा थ्रेड त्या पिस्तुलाविषयी नाही. ती चांदणी मिळण्याआधी जो उमेदवारी अर्ज भरावा लागतो, त्याविषयी आहे. अमेरिकेत शेरीफ मतदानाने निवडला जातो. मग या निवडणुकीला उभे राहण्याच्या अटी कोणत्या, त्या कोणी घातल्या आणि कशाच्या भीतीपोटी घातल्या? विषय वरकरणी रुक्ष आहे. पण सत्तेच्या खुर्चीत कोणी बसावे हा प्रश्न इतक्या उघडपणे कागदावर उतरलेला फार थोड्या ठिकाणी सापडतो.

२/
प्रथम ओळख. अमेरिकेत राज्याखाली काउंटी हा विभाग असतो. ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणता येईल. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांत एक निवडून आलेला शेरीफ असतो. काउंटीचा तुरुंग चालवणे, न्यायालयाचे समन्स व हुकूम बजावणे, जप्ती आणि लिलाव पार पाडणे, शहराच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांत गस्त घालणे ही त्याची कामे. आपल्याकडचा पोलीस अधीक्षक, तुरुंगाधिकारी आणि न्यायालयाचा बेलिफ या तिघांची कामे एका माणसाकडे द्या आणि त्याला मते मागायला दारोदार पाठवा. असा तो शेरीफ.

३/
मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. माझे वडील पोलीस शिपाई म्हणून भरती झाले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे ‘निवडून आलेला पोलीस’ ही कल्पना आमच्या घरात कोणालाच पचण्यासारखी नव्हती. एका परिसंवादासाठी मी या पदाचा इतिहास वाचू लागले, तेव्हा माझ्या वाचनाचा पहिला विरोधक घरातच बसलेला होता. त्याचे म्हणणे पुढे येईलच. आधी मुळाकडे जाऊ.

४/
शब्द इंग्लंडचा. ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. शायरचा रीव्ह तो शेरीफ. नॉर्मन विजयाच्या आधीपासून हा राजाचा परगण्यातील माणूस होता. राजाचा महसूल गोळा करणे, परगण्याचे न्यायालय भरवणे, गुन्हेगार धरणे, वेळ पडल्यास फौज उभी करणे हे सारे त्याच्याकडे. पैसा, न्याय आणि शस्त्र एकाच हातात आले की जे व्हायचे ते झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की ११७० साली दुसऱ्या हेन्रीने शेरीफांच्या कारभाराची मोठी चौकशी लावली आणि त्यांतील बहुतेकांना पदावरून दूर केले.

५/
आणि मग १२१५. मॅग्ना कार्टा आपल्याला माहीत असतो तो कायद्याच्या राज्याचा आद्य दस्तऐवज म्हणून. त्याच्या ४५व्या कलमाकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. त्या कलमात राजाकडून एक वचन घेतले आहे: न्यायाधीश, कॉन्स्टेबल, शेरीफ आणि बेलिफ म्हणून अशाच माणसांची नेमणूक होईल, ज्यांना देशाचा कायदा ठाऊक आहे आणि तो नीट पाळण्याची ज्यांची इच्छा आहे.

या वाक्यात अटी दोन आहेत. ज्ञान आणि इच्छा. हा फरक कृपया मनात ठेवा. शेवटी तोच कामाला येणार आहे.

६/
पुढच्याच वर्षी, १२१६ साली, मॅग्ना कार्टा नव्याने जारी झाला आणि हे कलम त्यातून गळाले. नंतरच्या आवृत्त्यांतही ते परतले नाही. ‘कायदा पाळण्याची इच्छा असलेला माणूस’ कसा ओळखायचा, याचे उत्तर देण्याचे बंधन कोणत्या राजाला हवे असेल?

७/
त्यानंतरच्या शतकभरात इंग्लंडने इच्छा मोजण्याचा नाद सोडला आणि मोजता येण्याजोग्या गोष्टी धरल्या. १२५८च्या ऑक्सफर्ड तरतुदींनी म्हटले की शेरीफ त्याच परगण्यातला जमीनधारक असावा आणि त्याची मुदत एक वर्षाची असावी. १३१६च्या कायद्याने सांगितले की ज्याची त्या परगण्यात पुरेशी जमीन आहे त्यालाच शेरीफ करावे, म्हणजे राजाला आणि रयतेला तो जबाबदार राहील. तर्क सरळ आहे. परका माणूस लुटून निघून जाईल. ज्याची शेती इथेच आहे तो कुठे जाणार? चुकला तर जमीन हाताशी आहे. चारित्र्याची हमी देता येत नव्हती, म्हणून जमिनीची घेतली.

८/
इथे क्षणभर मुंबईला येऊ, कारण हाच शब्द आपल्याकडेही उतरला. १७२६च्या राजसनदेने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि त्यांच्याबरोबर शेरीफचे पदही आले. डॉ. भाऊ दाजी लाड हे १८६९ आणि १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ होते. आपण त्या पदाला नगरपाल म्हणतो. १९९४ साली सुनील गावसकर त्या पदावर आले. मुंबईचा शेरीफ नेमला जातो आणि आज ते केवळ मानाचे पद आहे. एकाच बीजाची दोन झाडे: मुंबईत मान उरला, अधिकार गेला, अमेरिकेत अधिकार उरला आणि त्याला मताची जोड मिळाली.

९/
ती जोड एका रात्रीत मिळाली नाही. व्हर्जिनिया वसाहतीचे १६३४ साली आठ शायर पाडण्यात आले आणि इंग्रजी नमुन्याचे शेरीफ तेथे दिसू लागले. विल्यम पेनने १६८२ साली पेनसिल्व्हेनियासाठी जी राज्यघटना आखली, तिच्यात एक मजेशीर तडजोड होती. काउंटीतील स्वतंत्र नागरिकांनी शेरीफपदासाठी दुप्पट नावे निवडून द्यायची आणि त्यांतून गव्हर्नरने एक उचलायचे. लोकांवर विश्वास आहे, पण शेवटचा शब्द त्यांचा नको. संक्रमणाच्या काळातले दस्तऐवज असेच असतात. एक पाय जुन्या घरात, एक नव्या.

१०/
स्वातंत्र्याच्या वर्षी, १७७६ साली, मेरिलँडने आपली घटना लिहिली. तीत शेरीफ थेट निवडून द्यायचा होता. पण कोणाला? काउंटीचा रहिवासी, वय २१ वर्षांहून अधिक आणि राज्यात १००० पौंडांहून अधिक मालमत्ता. तुलनेसाठी पाहा: त्याच घटनेत कायदेमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला ५०० पौंडांची अट होती. म्हणजे कायदा करणाऱ्यापेक्षा कायदा बजावणाऱ्याकडून दुप्पट संपत्तीची अपेक्षा. स्वातंत्र्याची भाषा नवी होती. शेरीफविषयीची भीती मात्र १३१६चीच.

११/
ही भीती पूर्णपणे खुळी नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. शेरीफच्या हातातून पैसा वाहत असे. कर, दंड, लिलावाची रक्कम, न्यायालयाचे शुल्क. अनेक ठिकाणी त्याला पगार नसे. कामागणिक शुल्क हीच कमाई. अशा माणसाने हिशेब बुडवला तर भरून कोण देणार? म्हणून मालमत्तेच्या अटीबरोबर, आणि ती गेल्यावर तिच्या जागी, एक दुसरी अट रुजली: निवडून आलेल्याने पद स्वीकारण्यापूर्वी मोठ्या रकमेचे हमीपत्र द्यावे आणि त्याला धनवान जामीनदार असावेत. या हमीपत्राची आठवण ठेवा. पुढे त्याने रक्तपात पाहिला आहे.

१२/
एकोणिसाव्या शतकात मताचा अधिकार विस्तारत गेला (गोऱ्या पुरुषांपुरताच, हे सांगायलाच हवे) आणि राज्यामागून राज्याने शेरीफचे पद निवडणुकीचे केले. न्यूयॉर्कने १८२१ च्या घटनेत ते केले. मुदत तीन वर्षांची. आणि अट अशी की मुदत संपल्यावर पुढची तीन वर्षे तोच माणूस पुन्हा शेरीफ होऊ शकणार नाही.

इथे भीतीचा चेहरा बदललेला दिसतो. आता धास्ती गरीब शेरीफची नाही, मुरलेल्या शेरीफची आहे. ज्याच्या हाती तुरुंग आणि जप्ती, तो पुढच्या निवडणुकीत मते कशी मिळवील, हे सांगायला विद्वान लागत नाही.

१३/
ही धास्ती अजून जिवंत आहे. इंडियानात कोणत्याही १२ वर्षांच्या काळात ८ वर्षांहून अधिक शेरीफ राहता येत नाही. वेस्ट व्हर्जिनियात लागोपाठ दोनच मुदती मिळतात. आणि एक गमतीचा अवशेष: इंडियानात खुद्द शेरीफला अटक करायची वेळ आली तर ते वॉरंट बजावतो कोण? काउंटीचा कॉरोनर, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी. पहारेकऱ्यावर पहारा कोणाचा, या जुन्या कोड्याला कायद्याने दिलेले हे एक प्रामाणिक, किंचित विनोदी उत्तर.

१४/
आता त्या हमीपत्राकडे. यादवी युद्धानंतर दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ आला आणि कालपर्यंत गुलाम असलेले लोक मते देऊ लागले, निवडून येऊ लागले. ब्लांश ब्रूस हे गुलामगिरीत जन्मलेले गृहस्थ मिसिसिपीतील बोलिव्हर काउंटीचे शेरीफ व करवसुली अधिकारी झाले आणि तेथून १८७५ साली थेट अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोहोचले. मिसिसिपीत शेरीफच कर गोळा करीत असे, म्हणून ते पद राज्यातील सर्वांत वजनदार स्थानिक पद होते. आणि त्याच कारणाने हमीपत्राची रक्कमही जबर असे.

१५/
त्याच राज्यातील वॉरेन काउंटीत, म्हणजे व्हिक्सबर्ग शहरात, पीटर क्रॉस्बी हे कृष्णवर्णीय शेरीफ निवडून आले होते. डिसेंबर १८७४ मध्ये गोऱ्या ‘करदात्यां’च्या सशस्त्र जमावाने त्यांना धमकावून राजीनामा लिहून घेतला. तक्रारींतला एक मुद्दा काय होता? त्यांचे हमीपत्र अपुरे आहे. त्यांच्या समर्थनार्थ शहराकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांवर ७ डिसेंबरला गोळ्या चालल्या. त्या दिवशी आणि नंतरच्या दिवसांत अनेक डझन माणसे मारली गेली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सैन्य पाठवल्यावर क्रॉस्बी पुन्हा पदावर बसले. जून १८७५ मध्ये त्यांच्याच गोऱ्या दुय्यम अधिकाऱ्याने त्यांच्यावर गोळी झाडली. ते वाचले, पण पुनर्रचना वाचली नाही.

१६/
या प्रसंगात पात्रतेचा नियम कोणता होता? कागदावर वर्णाचा उल्लेखही नव्हता. अट फक्त एवढीच, की श्रीमंत माणसांनी तुमच्यासाठी जामीन राहावे. आणि काउंटीतले श्रीमंत कोण होते, ते आपल्याला ठाऊक आहे. तटस्थ भाषेतली अट, हातात बंदूक असलेल्या माणसांनी वाचून दाखवलेली.

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘पात्रता’ आणि ‘लायकी’. पात्रता अर्जाच्या रकान्यात भरता येते. लायकी काढली जाते, आणि ती काढणारा नेहमी दुसरा असतो. इतिहासात या दोन शब्दांची सरमिसळ वारंवार झालेली आढळते. एखाद्याची लायकी काढायची असेल तर सभ्य मार्ग म्हणजे पात्रतेची अट लिहिणे.

१७/
स्त्रियांच्या बाबतीत दार वेगळ्या रीतीने बंद होते, आणि फटही वेगळी होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पती पदावर असताना वारला की उरलेली मुदत पत्नीला देण्याचे प्रसंग घडत. इंडियानातील लेक काउंटीच्या लिलियन हॉली अशाच शेरीफ झाल्या. त्यांचे शेरीफ पती १९३३ साली कामावर असताना मारले गेले होते. ३ मार्च १९३४ रोजी कुप्रसिद्ध दरोडेखोर जॉन डिलिंजर त्यांच्या क्राउन पॉइंटच्या तुरुंगातून पळाला आणि पळताना त्यांचीच मोटार घेऊन गेला. देशभर खिल्ली उडाली, आणि त्या खिल्लीत ‘बाई शेरीफ’ हा सूर होता. कैदी पुरुष शेरीफांच्या हातूनही निसटत. तेव्हा प्रश्न त्या माणसाचा असे. इथे तो समस्त स्त्रीजातीचा झाला.

१८/
आता या इतिहासातील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे पान. अलाबामातील लाउंड्स काउंटी, १९६५. लोकसंख्येचे सुमारे ८० टक्के लोक कृष्णवर्णीय. वर्षारंभी त्यांच्यातला एकही नोंदणीकृत मतदार नाही. त्याच वर्षी मतदान हक्क कायदा झाला आणि नावे नोंदली जाऊ लागली. तोवर एक नवा अडसर आला: डेमोक्रॅटिक पक्षाच्या स्थानिक समितीने प्राथमिक निवडणुकीचे उमेदवारी शुल्क ५० डॉलरवरून ५०० डॉलर केले. मेरिलँडच्या हजार पौंडांचा हा पणतू. तेव्हा तेथील लोकांनी स्वतःचाच पक्ष काढला आणि त्याचे चिन्ह ठेवले काळा चित्ता. ऑकलंडच्या ज्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव आपण ऐकतो, त्याने ते चिन्ह पुढे इथूनच उचलले.

१९/
पण मला चिन्हापेक्षा त्यांची पुस्तिका महत्त्वाची वाटते. ‘एसएनसीसी’ या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी साध्या चित्रांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. शेरीफचे काम काय, त्याला कोणते अधिकार असतात, कर आकारणाऱ्याचे काम काय. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना शेरीफ दिसला तो दारावर लाथ मारणारा माणूस म्हणून, त्यांच्यापुढे प्रथमच ते पद एक ‘काम’ म्हणून मांडले गेले. शिकता येईल असे, करता येईल असे. कायद्याने नाकारलेले दार कायद्याने उघडता येते. ‘हे आपल्यासारख्याचे काम नव्हे’ हे मनातले कुलूप उघडायला मात्र ती चित्रे लागली.

२०/
परिणाम? १९६६ साली लाउंड्समध्ये हा पक्ष हरला. पण त्याच निवडणुकीत शेजारच्या भागातील मेकन काउंटीत ल्युशियस ॲमर्सन निवडून आले. पुनर्रचनेनंतर दक्षिणेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. कोरियन युद्धातले माजी सैनिक, नोकरी टपाल खात्यात. पोलिसात नव्हते, कारण त्या काळच्या अलाबामात त्यांना पोलिसात घेतले असते कोणी? १९७० साली लाउंड्सनेही, पक्षाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन ह्यूलेट यांना शेरीफ केले.

२१/
आणि अनुभवी शेरीफ? त्याच परिसरात, सेल्माच्या डॅलस काउंटीत जिम क्लार्क होते. १९५५ पासून पदावर, कामाची नस न्‌ नस ठाऊक. ७ मार्च १९६५ रोजी एडमंड पेटस पुलापाशी शांत मोर्चेकऱ्यांवर जो लाठीमार झाला, त्यात राज्य पोलिसांबरोबर क्लार्क यांची टोळीही होती. त्यांच्या ज्ञानात किंवा अनुभवात खोट काढता आली नसती. १९६६ साली नव्या मतदारांनी त्यांना घरी पाठवले. त्यांच्या जागी जे आले ते विल्सन बेकरही पोलीस पेशातलेच होते. म्हणजे मतदारांचा राग अनुभवावर नव्हता.

२२/
आजच्या अटी पाहू. त्या राज्यागणिक बदलतात. मेरिलँडमध्ये वय २५ हून अधिक, काउंटीतील वास्तव्य आणि राज्याचे पाच वर्षांचे नागरिकत्व. हजार पौंड इतिहासजमा. जॉर्जियात वय किमान २५, काउंटीत दोन वर्षांचे वास्तव्य, माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र, गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेली नसणे, बोटांचे ठसे. आणि पोलीस प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. नॉर्थ कॅरोलायनाने २०१० साली मतदारांच्या कौलाने घटनेतच लिहिले की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस शेरीफ होऊ शकणार नाही. हे त्या वर्षापर्यंत घटनेत नव्हते, याचेच अनेकांना नवल वाटेल.

२३/
सर्वांत पुढे गेले कॅलिफोर्निया. १ जानेवारी १९८९ पासून तेथे उमेदवाराला पोलिसी अनुभव अनिवार्य झाला. प्रगत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, नाहीतर शिक्षण आणि अनुभव यांचा ठरावीक मेळ: पदव्युत्तर पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव, पदवी असेल तर दोन, आणि फक्त माध्यमिक शिक्षण असेल तर चार वर्षे. नकार द्यायला अवघड जावे इतका हा नियम वाजवी दिसतो. शस्त्रधारी खाते आणि हजारो कैदी अननुभवी माणसाच्या हाती का द्यावेत?

२४/
पण त्याच राज्यात मायकेल हेनेसी नावाचे गृहस्थ होते. पेशाने वकील, तेही कैद्यांची बाजू मांडणारे. पोलिसात कधी नव्हते. १९७९ साली ते सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ म्हणून निवडून आले आणि जानेवारी २०१२ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, पदावर राहिले. ही अट आली तेव्हा ते खुर्चीत होते आणि कायद्याने विद्यमान शेरीफांना पात्र मानले, म्हणून टिकले. त्यांच्यासारखा दुसरा माणूस आज अर्जच भरू शकत नाही. २०२१ मध्ये ही अट काढण्याचे विधेयक तेथे मांडले गेले होते. ते कायद्यात उतरले नाही.

२५/
हे सारे मी वडिलांना सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि दोनच वाक्ये बोलले. “ज्यानं ठाण्यात एक रात्र काढली नाही, त्यानं ठाणं चालवायचं? आणि मतं मागून आलेला माणूस मतदाराच्या पोराला धरणार का?”

दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांनी कित्येक साहेब बदलून जाताना पाहिले; कामाची माहिती नसलेल्या साहेबाची किंमत खालच्या शिपायाला मोजावी लागते, हे ते अनुभवाने बोलत होते. मी विचारले, “बाबा, तुम्ही भरती झालात तेव्हा ठाण्यात बायका किती होत्या?” ते म्हणाले, “एकही नाही.” “म्हणजे तेव्हा अनुभवाची अट लावली असती, तर बाई कधीच साहेब झाली नसती.” ते थोडे थांबले आणि म्हणाले, “मग आधी भरती करा की. अट कशाला काढता?”

२६/
हे उत्तर मला खोडता आलेले नाही, आणि ते खोडावे असेही आता वाटत नाही. कारण त्यात इतिहासाचा मोठा धडा आहे. अनुभवाची अट स्वतः दुष्ट नसते. अनुभव मिळवण्याच्या दारावर कोण उभा आहे, यावर ती न्याय्य की अन्याय्य हे ठरते. १९६६च्या मेकन काउंटीत ती अट असती तर ॲमर्सन घरी बसले असते. ज्या काउंटीत पोलीस भरती खरोखर सर्वांना खुली आहे, तिथे तीच अट कदाचित शहाणपणाची ठरेल. तरीही एक शंका उरते. शेरीफ फक्त शेरीफच्या खात्यातूनच आला, तर त्या खात्याच्या सवयी मोडणार कोण? अनेक काउंट्यांत ही निवडणूक बिनविरोध होते. तिथे मतदारापुढे निवड अशी उरतच नाही.

२७/
आता १२१५च्या त्या वाक्याकडे. कायद्याचे ज्ञान आणि तो पाळण्याची इच्छा. आठशे वर्षांतल्या साऱ्या अटी एका रांगेत मांडून पाहा: जमीन, हजार पौंड, हमीपत्र, वास्तव्य, वय, प्रमाणपत्र, अनुभव. यांतली एकही अट इच्छेचे माप घेऊ शकत नाही. जमिनीने तिची जागा भरून काढण्याचा प्रयत्न केला, मग पैशाने, आता प्रमाणपत्राने. जिम क्लार्क या यादीतल्या आधुनिक अटीही बहुधा पार करून गेले असते.

२८/
म्हणूनच मला वाटते, ज्ञानाची परीक्षा यादीने घ्यावी. वडिलांचे म्हणणे तेवढ्यापुरते मान्य. इच्छेची परीक्षा मात्र फक्त लोक घेऊ शकतात. तेही चुकतात, पुष्कळदा भयंकर चुकतात. क्लार्कही आधी त्याच काउंटीतल्या गोऱ्या मतदारांच्या पाठिंब्यावर टिकले होते. पण १९६६ साली त्यांना हटवले ते कुठल्या पात्रता समितीने नव्हे. मतदारयादीत नव्याने आलेल्या नावांनी हटवले. उमेदवाराच्या पात्रतेची यादी लांबवत नेण्याआधी मतदाराची यादी पूर्ण आहे का, हे पाहणे अधिक निकडीचे असते.

२९/
मी या वर्षी २५ पूर्ण केली. जॉर्जियाच्या कायद्यातला निदान वयाचा रकाना भरण्याइतकी मी मोठी झाले आहे, असे वडिलांना सांगितले तर ते हसले. बाकीच्या रकान्यांचे काही खरे नाही. पण एखाद्या पदासाठीच्या अटींची यादी समोर आली, मग ती सरपंचपदाची असो, अध्यासनाची असो की नोकरीची, तर मी आता तीन प्रश्न विचारते. ही अट कोणाच्या भीतीतून आली? ती पूर्ण करण्याचे दार कोणाच्या ताब्यात आहे? आणि जिचे माप घेता येत नाही अशी कोणती गोष्ट या यादीने गुपचूप गाळली आहे?

३०/
मॅग्ना कार्टा, पुनर्रचना किंवा लाउंड्स यांपैकी कशावर सविस्तर वाचायला आवडेल ते उत्तरांत कळवा. आणि निवडून आलेल्या फौजदाराविषयी तुमच्या घरातल्या मोठ्यांना काय वाटते, तेही विचारून लिहा. आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही.